गादी गुंडाळली की घर मोठं होतं

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. मागच्या ईदला पोंभुर्ण्याला आला तेव्हा त्याने मोबाईलवर आपल्या भाड्याच्या खोलीचा फोटो दाखवला. खोलीत नवीन घेतलेला फुटॉन होता. खाली लाकडी चौकट, वर जाड गादी. दिवसा पाठ उभी केली की सोफा, रात्री आडवी पाडली की पलंग. जागा किती वाचते, हे तो आम्हाला उत्साहाने समजावत होता. किंमत ऐकून मी गप्प बसले. अम्मीने चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "इसमें नया क्या है बेटा? ये तो अपनी गादीच है."

सगळे हसले. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य गेलं नाही. अम्मी बरोबर बोलत होती, आणि ती जे बोलली त्यामागे बराच मोठा इतिहास आहे. त्यात आपल्याच समाजातल्या एका कारागीर बिरादरीचं नाव आहे, जे आपण हळूहळू पुसून टाकलं. म्हणून हा लेख.

एका खोलीची चार घरं

माझं बालपण ज्या घरात गेलं त्यात एक मोठी खोली, मागे चूल आणि पुढे सपरी, म्हणजे पुढचा उघडा पडवीचा भाग. माणसं आठ. पलंग एकही नाही. अब्बांसाठी सपरीत एक बाज होती, तीही दिवसा भिंतीला उभी केलेली असायची.

फजरच्या नमाजनंतर अंथरुणं उचलली जायची. गादीत चादर आणि उशी ठेवून तिची वळकटी करायची आणि एकावर एक रचायची. रजया घडी करून बांबूच्या वळणीवर टाकायच्या. दहा मिनिटांत झोपायची खोली नाहीशी व्हायची. मग तिथेच दस्तरखान पसरायचं, तिथेच आम्ही पाट मांडून अभ्यास करायचो, तिथेच अम्मी शिलाई मशीन ओढून बसायची. पाहुणे आले की त्याच वळकट्यांना पाठ टेकून बैठक तयार. शब-ए-बरातला नाही तर मिलादला बाया जमल्या तर वीस जणी सहज बसायच्या. रात्री पुन्हा गाद्या उलगडल्या की तीच खोली झोपायची.

हे फक्त आमच्या घरी नव्हतं. आमच्या भागातल्या धानवाल्या शेतकऱ्याकडे थंडीत खाली तणस पसरून त्यावर सतरंजी टाकायचे. बुरडाने विणलेली चटई जवळजवळ प्रत्येक घरी असायची. उशीत जंगलातल्या सावरीचा कापूस भरायचे. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटली की पोरं ती वेचून आणत. हा कापूस गुळगुळीत असतो, त्याचा धागा नीट निघत नाही, पण उशीला याच्याइतका हलका दुसरा नाही. मुंबईत 1920च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींमधली खोली 160 चौरस फुटांची. त्यात पूर्ण कुटुंब, वर गावाकडून आलेला एखादा पुतण्या. तिथेही संसार चालला तो याच वळकटीच्या जोरावर.

खोटं गोड चित्र मात्र मला रंगवायचं नाही. अंथरुणं घालायची आणि काढायची ती बायांनी. घरातली सून सर्वात शेवटी आडवी व्हायची आणि सर्वात आधी उठायची. नवरा-बायकोला एकांत नव्हता. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना जमिनीवरून उठणं ही रोजची शिक्षा होती. आज माझी अम्मीसुद्धा पलंगावरच झोपते आणि तिने तिथेच झोपावं.

गादी, मसनद, सोफा

मराठीत गादी म्हणजे नुसतं अंथरूण नाही. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी असं आपण म्हणतो तेव्हा राज्य म्हणतो. सावकाराच्या पेढीवर गादी असते, मठात गादी चालते, दर्ग्यात गादीनशीन असतात. पेशव्यांची ती मसनद. म्हणजे या मुलखात सत्ता, पैसा आणि पिरी या तिन्ही गोष्टी शेकडो वर्षं जमिनीवर, कापसाच्या बैठकीवर, पाठीशी लोड घेऊन बसत होत्या. साहेबाच्या राज्यात खुर्ची कचेरीत आली आणि बघता बघता आपली भाषाही बदलली. आता निवडणुकीत भांडण होतं ते खुर्चीसाठी.

आता शब्दांची दुसरी बाजू बघा. आपण ज्याला साहेबी फर्निचर समजतो त्याची नावं कुठून आली? 'मॅट्रेस' अरबी 'मतरह'वरून, म्हणजे जिथे काही टाकतात ती जागा. जमिनीवर टाकलेल्या बिछान्यावरून युरोपने हा शब्द उचलला. 'कॉटन' अरबी 'कुत्न'वरून. 'दिवाण' फारसी. आणि 'सोफा' अरबी 'सुफ्फा'वरून. मदिनेत मस्जिद-ए-नबवीत ज्या छपराखाली बेघर, गरीब सहाबा राहत होते ती जागा म्हणजे सुफ्फा, आणि ते लोक असहाब-ए-सुफ्फा. ज्यांच्याकडे स्वतःचं अंथरूणही नव्हतं त्यांच्या जागेचं नाव आज हप्त्यावर घेतलेल्या सोफासेटला आहे.

पिंजारी चाचा

गादी गुंडाळायची असेल तर ती मऊ पाहिजे. कापूस वर्षभरात दबतो, त्याच्या गाठी होतात, गादी चटईसारखी चपटी आणि जड होते. तिला पुन्हा जिवंत करणारा माणूस म्हणजे पिंजारी.

दिवाळी झाली, धान कापणी सुरू झाली की मूलकडून एक पिंजारी चाचा सायकलवर यायचे. खांद्याला पिंजण, म्हणजे माणसाच्या उंचीचं मोठं धनुष्य. त्याला आतड्याची तात ताणलेली. हातात एक लाकडी ठोकळा, मधे मूठ आणि दोन्ही टोकं जाड. ते तात छेडत यायचे आणि त्या आवाजानेच गल्लीला कळायचं. ओरडावं लागत नव्हतं.

चाचा आमच्या सपरीत बसायचे. गादीची खोळ उसवून आठ-दहा किलो कापूस बाहेर काढायचे. काठीने झोडपून धूळ उडवायचे. मग तात त्या कापसात घालून ठोकळ्याने आघात करायचे. तात थरथरली की कापसाचा तंतू तंतू सुटा व्हायचा आणि कचरा खाली पडायचा. अर्ध्या तासात काळपट गोळ्याचा पांढरा ढग व्हायचा. धुतलेल्या खोळीत तो थराथराने भरायचा, तोंड शिवायचं आणि मोठ्या सुईने जागोजागी टाके घालायचे, म्हणजे कापूस सरकत नाही. तोच कापूस, तीच खोळ, आणि गादी नवी. नवीन कापूस एखादा किलोच घालावा लागे. आमच्या घरातल्या दोन गाद्या अम्मीच्या निकाहातल्या होत्या आणि त्या माझ्या डीएडपर्यंत टिकल्या.

चाचांच्या नाकावर रुमाल बांधलेला असायचा, तरी ते सतत खोकायचे. कापसाच्या धुळीने छाती खराब होते हे मला फार नंतर समजलं.

दोन भाषांतून आलेलं एक नाव

या बिरादरीला महाराष्ट्रात पिंजारी, मन्सूरी आणि नद्दाफ अशी तीन नावं आहेत. उत्तरेत धुनिया आणि बेहना. यातलं 'नद्दाफ' अरबी आहे, कापूस पिंजणारा. 'पिंजारी' मात्र संस्कृतातून आलं. 12व्या शतकातल्या हेमचंद्राच्या संस्कृत कोशात कापूस फोडायच्या धनुष्याला 'पिंजन' म्हटलं आहे. इतिहासकार इरफान हबीब यांनी 1969 साली मांडलं होतं की चरखा आणि पिंजण्याचं धनुष्य ही साधनं मुस्लिम राजवटीबरोबर भारतात रुजली. धनुष्याबद्दल पुढे इतर अभ्यासकांनी जुने पुरावे दाखवले. चरख्याचा भारतातला सुरुवातीचा स्पष्ट उल्लेख मात्र इसामीच्या 1350च्या 'फुतूह-उस-सलातीन' या फारसी काव्यात सापडतो. हा इसामी दिल्लीहून दौलताबादला आलेला आणि बहमनी सुलतानाच्या आश्रयाने लिहिणारा, म्हणजे आपल्याच दख्खनचा. साधन इथलं असो की बाहेरचं, ते हातात धरणाऱ्या माणसाच्या नावात संस्कृत आणि अरबी दोन्ही एकत्र राहतात. आपल्याला कुणी 'तुम्ही इथले की बाहेरचे' असं विचारलं की मला हे नाव आठवतं.

'मन्सूरी' हे नाव बिरादरीने मन्सूर हल्लाज यांच्याशी जोडलं. 'हल्लाज' म्हणजेही कापूस पिंजणारा. 922 साली बगदादमध्ये त्यांना मृत्युदंड झाला आणि सूफी परंपरेत ते अमर झाले. आपल्याकडे संत दादू दयाल (1544–1603) यांनाही परंपरा पिंजाऱ्याच्या घरचे मानते. रोज गाठी सोडवणाऱ्या धंद्यातून असे लोक निघाले.

पण मान मिळाला का? 1916 साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात बेहना-पिंजाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. चंद्रपूर तेव्हा त्याच प्रांतात होतं. ही बिरादरी मुसलमान असूनही तिच्यात हिंदू चालीरीती बऱ्याच आहेत आणि बाकीचे मुसलमान तिला कमी लेखतात, असं चित्र त्यात दिसतं. लोककथाही थट्टेच्याच. एक धुनिया खांद्यावर पिंजण टाकून जंगलातून चालला होता. समोर कोल्हा आला. धुनिया घाबरला, त्याला तो वाघ वाटला. कोल्हाही घाबरला, त्याला हा धनुष्यवाला शिकारी वाटला. कोल्ह्याने याला दिल्लीचा सुलतान म्हणून सलाम केला, याने कोल्ह्याला जंगलाचा राजा म्हटलं, आणि दोघे जीव वाचवून आपापल्या वाटेने गेले. लहानपणी ही गोष्ट ऐकून आम्ही हसायचो. आमच्या तालुक्यात सकाळी शेतावर जाणाऱ्या माणसाला खरोखरचा वाघ भेटतो, आणि आमचे चाचा त्याच रस्त्याने एकटे सायकल मारत यायचे. आता ही गोष्ट मुलांना सांगताना मी डरपोक कोण, हा भाग गाळते.

शेजारच्या वर्ध्यात

पिंजणाला एकदा इज्जत मिळाली होती, तीही आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. गांधीजींनी खादी सुरू केली तेव्हा त्यांच्यापुढे एक अडचण होती कातण्यासाठी पेळू कोण देणार. गंगाबहेननी एक पिंजारी शोधून काढला, त्याने महिना 35 रुपये मागितले आणि ते दिले गेले, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे. पुढे 1937च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हीच ती 'नई तालीम'. तिच्या कताई-विणकामाच्या अभ्यासक्रमात कापूस पिंजणंही होतं. बीएडला आम्ही ही योजना परीक्षेपुरती पाठ केली. एका मुस्लिम विद्वानाच्या समितीने पिंजाऱ्याचं काम शाळेच्या वर्गात नेलं होतं, हे मात्र मला एकाही प्राध्यापकाने सांगितलं नाही. शिकवायला लागल्यावर मलाही अनेक वर्षं सुचलं नाही.

जपानने काय केलं

आता भाच्याच्या फुटॉनकडे येऊ. मूळ जपानी फुतोनला लाकडी चौकट नसते. ती जमिनीवरच्या तातामी चटईवर टाकायची पातळ कापसाची गादी. सकाळी घडी करून भिंतीतल्या कपाटात ठेवायची आणि ऊन पडलं की कठड्यावर वाळत घालायची. म्हणजे आमच्या वळणीवरचीच गोष्ट. जपानमध्ये कापसाची शेती 16व्या शतकापासून पसरली. तोपर्यंत गरीब माणूस गवतावर आणि पेंढ्यावर झोपायचा, आणि नंतरही कापसाची गादी ही बराच काळ पैसेवाल्यांची वस्तू होती. खेड्यातल्या घरापर्यंत ती पोहोचली 1868नंतरच्या काळात, बाहेरून स्वस्त कापूस येऊ लागल्यावर.

हा कापूस कुठून गेला? बराचसा आपल्याकडून. 1893 साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई ते जपान बोट सुरू केली, तीच मुळी कापसासाठी. भारतातला देशी कापूस आखूड आणि जाड तंतूचा. गिरणीला बारीक सुतासाठी तो आवडत नाही, पण गादीत तो लवकर दबत नाही. म्हणून फुतोन बनवणारे जपानी कारागीर आजही भारतीय देशी कापसाला मानतात. त्यांच्याकडेही आपल्यासारखंच कापूस पिंजायचं धनुष्य होतं. आणि जुन्या फुतोनचा कापूस काढून, पुन्हा पिंजून, नवीन खोळीत भरून देणारे लोक तिथे आजही आहेत. त्या कामाला स्वतःचं नाव आहे, दुकानं आहेत, त्याची लाज नाही.

1970–80च्या दशकांत अमेरिकेतल्या लहान घरांत राहणाऱ्या तरुणांनी हा फुतोन उचलला, जाड केला आणि घडीच्या लाकडी चौकटीवर ठेवला. तिथून तो पुण्याच्या खोलीत आला.

आपण काय केलं

आपण पलंग घेतला. तो घेणं गैर नाही, पण तो कुठे ठेवायचा याचा हिशेब केला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. त्यात स्वयंपाकाची जागाही आली. सहा बाय साडेसहाचा डबलबेड 39 चौरस फूट खातो, म्हणजे घराचा सातवा हिस्सा. त्यानंतर अलमारी, सोफा, ड्रेसिंग टेबल. हे सगळं आमच्याकडच्या लग्नांत 'देना पडता' या यादीत आहे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात अब्बांनी बेड कर्जावर घेतला. सासरच्या दारातून तो आत जाईना. शेवटी सुताराने तो खोलला आणि आत नेऊन पुन्हा जोडला. त्या खोलीत त्यानंतर चालायला फक्त एक पट्टी उरली. तिची मुलगी आता आठवीत आहे आणि बेडवर बसून, वाकून अभ्यास करते. जहेज शरीअतने मागितलेला नाही, मागितलेली आहे ती मेहर, नवऱ्याकडून. आणि बिछान्याबद्दल तर सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. तिचा मतलब असा की एक बिछाना नवऱ्यासाठी, एक बायकोसाठी, तिसरा पाहुण्यासाठी आणि चौथा शैतानासाठी. गरजेपुरतं ठेवा, मिरवायला नको, इतकं साधं सांगणं.

दरम्यान फोम आला. स्वस्त, हलका, पिंजावा लागत नाही. चार-पाच वर्षांत तो खचतो आणि फेकावा लागतो.  पिंजाईची विजेवर चालणारी मशीनं शहरात बसली. मूलच्या चाचांची सायकल येणं बंद झालं.

दाखल-खारीज रजिस्टर

चाचांचा नातू काही वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होता. मी वर्गात पिंजणाबद्दल बोलले तेव्हा तो खाली मान घालून बसला. मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, "टीचर, माझे दादा ते काम करायचे हे कोणाला सांगू नका." घरी आडनाव बदलून 'शेख' लावलं होतं. मी त्याला काही बोलले नाही. मला काय बोलावं ते कळलं नाही.

तोच मुलगा बारावीनंतर वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. पुढच्या शिक्षणासाठी जातीचा दाखला हवा होता. पिंजारी महाराष्ट्रात ओबीसीच्या यादीत आहेत. त्यासाठी बिरादरीच्या लोकांनी वर्षानुवर्षं झगडा दिला. पण ओबीसी दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967च्या आधीचा पुरावा लागतो. चाचांच्या शाळेचं जुनं रजिस्टर काढलं. त्यात जातीच्या रकान्यात एकच शब्द होता, 'मुसलमान'. लिहिणाऱ्या गुरुजींनी विचारलं नसेल, किंवा सांगणाऱ्याने सांगितलं नसेल. ज्या माणसाने तालुक्यातल्या निम्म्या घरांच्या गाद्या भरल्या तो पिंजारी होता याचा कागद कुठेच नव्हता.

पुढचे सहा महिने त्या बापलेकांनी कागद शोधण्यात घालवले. चाचांच्या भावांचे शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, एक खरेदीखत. शेवटी पणजोबांच्या गावच्या मृत्यूच्या नोंदीत झिजलेल्या शाईत तो शब्द सापडला, 'पिंजारी'. मुलाने मला फोन केला तेव्हा तो तो शब्द मोठ्याने म्हणत होता. त्याच वर्षीचा प्रवेश मात्र हुकला, कारण तारीख निघून गेली होती. दुसऱ्या वर्षी झाला.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे. तुमच्या घरात कुणी पिंजारी, बागवान, अत्तार, मोमीन, छप्परबंद असेल तर म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून ठेवा. गावं कोणती, शाळा कोणती, भाऊ किती. कागद शोधून त्यांच्या प्रती काढा. आणि मुलांचं नाव शाळेत घालताना धंद्याचं नाव लपवू नका. शिक्षकांनीही रकाना भरताना एक प्रश्न जास्त विचारावा. हे मी स्वतःलाही सांगते आहे.

भाचा परत जाताना अम्मीने त्याच्या बॅगेबरोबर एक वळकटी बांधून दिली. तिच्या निकाहातल्या दोन गाद्यांचा कापूस तिने पोत्यात जपून ठेवला होता. तो आम्ही चंद्रपूरच्या मशीनवर पिंजून आणला, नवीन खोळ शिवली. भाचा म्हणत होता, फुटॉन आहे ना, हिची काय गरज. अम्मी म्हणाली, कुणी पाहुणा आला तर. परवा त्याचा फोन आला. मित्र आला होता म्हणून गादी काढली, आणि आता तो स्वतःच तिच्यावर झोपतो, फुटॉन दिवसभर सोफाच राहतो.